जमिनीवर वाढलेले गुडघे

टालिनला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी भारताच्या खो-खो संघातल्या झाडून सगळ्या मुलींचे गुडघे लाल झाले. सुजले नाहीत, दुखले नाहीत, कुणी धडपडलंही नाही. मुली सकाळी व्यवस्थित नाश्ता करून, एकमेकींच्या वेण्या घालून तपासणीला गेल्या आणि पडद्यावर एकीमागून एक लाल ठिपके उमटत गेले. लाल म्हणजे खेळायचं नाही. त्यावर वाद नाही, अपील नाही. जागतिक युवा क्रीडामेळ्यात खो-खो पहिल्यांदाच आलेला, आणि ज्यांनी तो जगाला शिकवला त्यांचाच संघ एकही सामना न खेळता बॅगा भरायच्या बेतात होता.

संघाची फिजिओथेरपिस्ट शाल्मली तेंडोलकर पडद्यासमोर थोबाडीत बसल्यासारखी उभी होती. पुण्यात कोथरूडला तिचं स्वतःचं क्लिनिक होतं, पण गेली तीन वर्षं या मुलींच्या टाचा, पोटऱ्या आणि पाठी हेच तिचं जग झालं होतं. यातला प्रत्येक गुडघा आपल्याला तोंडपाठ आहे असं तिला वाटायचं.

"ओ डॉक्टर, हे यंत्र सकाळी सकाळी पिऊन आलंय का?" प्रशिक्षक वाघमोडे सरांनी विचारलं. फलटणच्या मैदानावर उभा जन्म काढलेला माणूस. त्यांच्या आवाजात थट्टा होती, पण हात कमरेवर घट्ट दाबलेले होते.

यंत्र पूर्ण शुद्धीवर होतं. त्याची गोष्ट अशी. कुठलाही दोर एकदम तुटत नाही. आधी आतला एक धागा तुटतो, मग दुसरा, आणि दर वेळी बारीकसा आवाज होतो, आपल्या कानाला न येणारा. पूल आणि गॅसच्या टाक्या तपासणारे इंजिनियर हे आवाज पूर्वीपासून ऐकत आले आहेत. गुडघ्यात हाडाला हाड बांधून ठेवणारं लिगामेंट म्हणजेही दोरच. कुणीतरी डोकं लढवलं आणि गुडघ्याला बांधायचा एक पट्टा तयार केला. त्याने लाखो गुडघ्यांचे आवाज टिपले, त्यातले कुठले पुढे फाटले हे पाहिलं आणि यंत्र शिकत गेलं. हिरवा ठिपका म्हणजे खुशाल खेळा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे दोर तुटायला आलाय. गेल्या दोन मेळ्यांत स्ट्रेचरवरून बाहेर जाणाऱ्या मुलांची संख्या निम्म्याहून खाली आली होती, त्यामुळे यंत्राला नावं ठेवायला फारसा वाव नव्हता. मुलींनी मात्र नाव ठेवलंच. त्या पट्ट्याला चहाडखोर म्हणत.

शाल्मली मान खाली घालून बाहेर आली. बाहेरच्या दालनात भिंतीला लागून गुबगुबीत खुर्च्यांची रांग होती आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. मुली जमिनीवर होत्या. कर्णधार कविता मडावी भिंतीशी उकिडवी बसली होती, हात गुडघ्यांभोवती, टाचा जमिनीला टेकलेल्या. ती भामरागडकडची. तिचं हे शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वेळी वय बसणार नव्हतं. इथलं पदक मिळालं तर वनखात्यात थेट नेमणूक होणार होती. ती काही विचारत नव्हती, नुसती बघत होती.

शाल्मलीला तिथल्या तिथे लख्ख उजाडलं. यंत्राने ऐकलेले ते लाखो गुडघे कुणाचे होते? विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत आलेल्या माणसांचे. म्हणजे खुर्चीत बसणाऱ्यांचे, कमोड वापरणाऱ्यांचे. जन्मभर पूर्ण मिटलेच नाहीत असे ते गुडघे. लहानपणापासून दिवसातून दहादा उकिडवं बसणाऱ्या पोरीचा गुडघा वेगळा घडतो. लिगामेंटचे धागे ताणून ताणून नव्याने मांडले जातात, कूर्चा शेवटपर्यंत घासते, आणि या सगळ्याचा एक कुरकुर आवाज सतत चालू असतो. त्यात धोक्याचं काही नसतं, पण यंत्राच्या कानाला तो धागे तुटल्यासारखाच लागतो.

तिने हे मेळ्याच्या वैद्यकीय प्रमुख डॉक्टर लीना साल्मे यांना सांगितलं. उंच, शांत बाई. त्यांनी मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पुरावा?"

"हे आमचे सर," शाल्मली म्हणाली. "यांना पट्टा बांधा."

वाघमोडे सर साठीला टेकलेले. पँट वर दुमडून त्यांनी चहाडखोर बांधून घेतला आणि पडदा असा लाल झाला की शेजारच्या टेबलावरचे तंत्रज्ञ उठून बघायला आले. यंत्राच्या मते सरांचा गुडघा फाटून दहा-पंधरा वर्षं तरी झाली असायला हवी होती. सरांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं, धप्पकन उकिडवे बसले आणि कशाचाही आधार न घेता उभे राहिले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. पाचव्या वेळी साल्मेबाई हसल्या.

"पुरे," त्या म्हणाल्या. "तुमचे सगळे खेळाडू असेच वाढलेत?"

"खो-खो खेळणाऱ्या आमच्या मुली लहानपणापासून जमिनीवर बसतात," शाल्मली म्हणाली. "आमच्याकडे सगळं जमिनीवरच असतं. जेवण, अभ्यास, सगळं."

हे बोलताना तिला अभिमान वाटला. आमच्याकडे म्हणताना कोथरूडमधलं आपलं सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल तिच्या डोळ्यांसमोर आलं नाही. गणपतीतली पंगत सोडली तर आपण शेवटचं मांडी घालून कधी जेवलो, हेही आलं नाही. आपल्या माणसांबद्दल परक्या देशात बोलताना अशा बारीकसारीक गोष्टी सुचत नाहीत.

साल्मेबाईंच्या माणसांनी चार मुली निवडून दोन दिवस त्यांचे आवाज घेतले, सरांच्या आवाजाशी ताडून पाहिले, आणि उकिडव्या बसण्याच्या कुरकुरीचा एक साचा काढला. तो साचा मोजणीतून वजा केला की खरा धोका तेवढा उरायचा. वजावट केली आणि बाराही मुली हिरव्या झाल्या. नियम एकच होता. वजावट गटाला मिळते, एकेकट्या खेळाडूला नाही, आणि अख्खा गट जमिनीवर वाढलेला आहे याची हमी गटाच्या डॉक्टरने किंवा फिजिओने द्यायची. शाल्मलीने ती दिली.

पुढचा आठवडा तिच्या आयुष्यातला सगळ्यात झकास आठवडा होता. मुली सामने मारत सुटल्या. साखळी सामन्यात त्यांनी इंग्लंडला धूळ चारली. इंग्लंडच्या मुली पहिल्यापासून हिरव्या होत्या, त्यांना वजावटीची गरजच नव्हती, जरी त्यांच्या कर्णधाराचं आडनाव पटेल होतं. नेपाळने वजावट मागितली, इंडोनेशियाने मागितली, केनियाच्या धावपटूंनी आणि उडीवाल्यांनी मागितली. साल्मेबाईंच्या कार्यालयात तिला तेंडोलकर वजावट म्हणू लागले. पुण्याहून आईचा फोन आला की शेजारचे साठेकाका तिची बातमी आलेला पेपर घेऊन घरी आले होते. शाल्मलीने वरवर म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं," आणि फोन ठेवल्यावर आरशात बघून केस नीट केले.

उपान्त्य सामन्यात ऋजुता पाथ्रीकरने कमाल केली. ऋजुता छत्रपती संभाजीनगरची, संघातली सगळ्यात वेगवान मुलगी. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी ओळीने चौकोनात बसतात आणि एकटी धावते. ती दमली किंवा दिशा बदलावीशी वाटली, की बसलेलीच्या पाठीला हात लावून खो द्यायचा आणि तिच्या जागी बसायचं. सर ऋजुताला जितका वेळ ठेवता येईल तितका वेळ धावती ठेवत, कारण शेवटच्या खांबाशी ती जे करायची ते दुसऱ्या कुणालाच जमत नसे. भरधाव येऊन एका हाताने खांब धरायची, डाव्या पायावर गर्रकन फिरायची आणि पळणारी पोरगी सुटली सुटली म्हणता तिच्या पाठीवर हात ठेवायची. त्या दिवशी तिने तशा पाच जणी टिपल्या. सगळा भार डाव्या गुडघ्यावर.

त्या संध्याकाळी कविताने फर्मान काढलं की आज टेबल-खुर्च्या बंद. मुलींनी आपल्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये चादरी अंथरल्या, कुणाच्या तरी बॅगेतून मेतकूट निघालं, कुणाच्या बॅगेतून लसणाची चटणी, आणि भोजनगृहातून आणलेला भात मधोमध ठेवून सगळ्या गोल बसल्या. ओडिशाच्या मुली मेतकुटाचा वास घेऊन नाक मुरडत होत्या आणि तरी खात होत्या. सर मांडी ठोकून बसले होते. शाल्मली भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती, कारण मांडी घातली की तिच्या पायाला मुंग्या येत.

ऋजुता उभी होती. ताटली हातात, पाठ दाराच्या चौकटीला.

"बस की गं," शाल्मली म्हणाली.

"नको ताई, मला नाही जमत खाली बसून जेवायला." ऋजुता हसली. "घरी टेबल आहे ना आमच्याकडे. आजी चिडवायची मला, मेमसाहेब म्हणायची."

शाल्मलीच्या हातातला घास हातातच राहिला.

"आणि शाळेत?"

"बाक होते. कॉन्व्हेंट." ऋजुताला या चौकशीचं काहीच वाटलं नाही. "सातवीत सरांच्या फलटणच्या खो-खो शिबिरात आले तेव्हा पहिल्या दिवशी चौकोनात बसले आणि मागेच पडले. सगळ्या फिदीफिदी हसल्या. म्हणून तर सरांनी मला धावायला ठेवलं. हो ना सर?"

"मग काय," सर तोंडात घास ठेवून म्हणाले. "बसायला लावली तर गुडघा धरून रडायची. म्हटलं पळ बाई तू."

सगळ्या हसल्या. शाल्मली उठली, हात धुतले आणि तपासणीच्या खोलीकडे गेली. बाहेर अजून चांगलंच ऊन होतं. तिकडे उन्हाळ्यात दिवस संपतच नाही.

आवाज कानाला ऐकू येईल असा संथ करून वाजवण्याची सोय यंत्रात होती, पण पडद्यावरचा रंग बघून काम भागत असल्यामुळे ती कुणी वापरत नसे. शाल्मलीने आधी कविताचा गुडघा ऐकला. तव्यावर लाह्या फुटत असाव्यात तसा एकसारखा, भरभरून आवाज. दुसऱ्या दोघींचेही तसेच होते. मग तिने ऋजुताचा डावा गुडघा लावला.

शांतता होती. लाह्या नव्हत्याच. त्या शांततेत अधूनमधून एक सुटा, कोरडा आवाज यायचा. तट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तट्.

ऋजुताच्या गुडघ्यात कुरकुर नव्हती, त्यामुळे वजा करण्यासारखं काही नव्हतंच. तरी यंत्राने वजावट केली होती, आणि वजा झालं होतं ते नेमकं हे. पहिल्या दिवशी या मुलीच्या बाबतीत यंत्र खरं बोललं होतं. त्याला गप्प केलं होतं शाल्मलीने. गेला आठवडाभर ऋजुता त्या गुडघ्यावर गरगर फिरत होती, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंग्लंडशीच अंतिम सामना होता.

सरांना तिने बाहेर बागेत गाठलं. तिने त्यांना सगळं सांगितलं.

"किती धोका आहे?" त्यांनी विचारलं.

"दहातल्या सात जणींचा जातो."

"उद्या तिला बाहेर बसवतो," सर म्हणाले. "खेळवत नाही. पोरीचा पाय घेऊन मला सोनं नको. पण डॉक्टर, ही गोष्ट इथंच राहू द्या. त्या बाईंना कळलं तर आख्ख्या गटाची वजावट जाईल. बाकीच्या अकरा जणींचा काय गुन्हा?"

"नियम तर त्याहून वाईट आहे, सर. चुकीच्या हमीवर खेळलेले सगळे सामने रद्द होतात. रौप्यही हातात राहणार नाही."

"मग झालं तर. गप राहायचं. ऋजुता बसली की प्रश्न मिटला."

शाल्मलीला इतकं हलकं वाटलं की तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली. प्रश्न खरंच मिटत होता. मुलीचा गुडघा वाचत होता, संघ खेळत होता. आणि खरं सांगायचं तर, तेंडोलकर वजावटही जागच्या जागी राहत होती.

सकाळी तिने ऋजुताला खोलीत बोलावून सांगितलं. सोपं नव्हतं ते. ऋजुताने आधी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं, मग वाकवून पाहिला, मग सरळ केला.

"पण दुखत नाहीये ताई."

"दोर तुटेपर्यंत दुखत नाही."

"म्हणजे तुम्ही सांगताना चुकलात, आणि बसायचं मी."

"हो," शाल्मली म्हणाली.

"मला एकदा विचारायचं तरी."

"चुकलं माझं. मी गृहीत धरलं."

ऋजुताचे डोळे भरले, पण ती रडली नाही. थोड्या वेळाने नाक पुसत म्हणाली, "मग अचिएंगचंही तसंच असेल का?"

"कोण अचिएंग?"

"केनियाची. उंच उडीवाली. आम्ही दोघी भोजनगृहात एकत्र बसतो, कारण आमच्या बाकीच्या सगळ्या जेवण झालं की खाली बसायला निघतात. तिचे वडील पायलट आहेत, नैरोबीत मोठ्या फ्लॅटमध्ये राहतात. तिला तर चौकोनात बसायची पण वेळ आली नाही कधी." ऋजुता सहज बोलत होती, आपल्याच दुःखात. "तीपण आधी लाल होती. मग तुमची ती वजावट लागली आणि हिरवी झाली. इतकी खूश झाली होती ती. तुम्हाला थँक्यू सांग म्हणाली होती, मीच विसरले."

शाल्मली खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली क्रीडाग्रामाच्या रस्त्यावरून वेगवेगळ्या रंगांच्या जर्सी घातलेली मुलं चालली होती. इंडोनेशियाची, नेपाळची, केनियाची. त्यांतली किती जमिनीवर वाढली आणि किती टेबलाशी, हे चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. त्यांच्याही डॉक्टरांनी छाती पुढे काढून सांगितलं असणार की आमच्याकडे सगळं जमिनीवरच असतं. तिच्या नावाने काढलेल्या एका साच्याखाली ती सगळी हिरवी झाली होती, आणि त्यांतल्या काहींचे दोर तट् तट् करत होते. त्या मुलांना बाजूला बसवणारे वाघमोडे सर नव्हते, कारण त्यांच्याबद्दल कुणाला माहीतच नव्हतं.

माहीत होतं ते फक्त तिला, आणि तिने ते रात्रभर माहीत असूनही उशाशी ठेवून झोप काढली होती.

"उंच उडी कधी आहे?" तिने विचारलं.

"आज दुपारी."

शाल्मली सरांच्या दारावरून गेली. थांबावं, आधी त्यांना सांगावं असं तिला वाटलं. पण ते अडवतील आणि आपण अडू, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. ती थेट साल्मेबाईंच्या कार्यालयात गेली.

साल्मेबाईंनी या वेळीही मान तिरकी करून ऐकून घेतलं. सांगून झाल्यावर शाल्मलीने घाईघाईने जोडलं, "पण बाकीच्या अकरा जणी खरोखर जमिनीवर वाढल्यात. आवाज संथ करून ऐका, फरक लगेच कळतो. मी स्वतः ऐकलाय. एकेकीला वेगळी काढा आणि त्यांना खेळू द्या."

"तुमच्या शब्दावर मी एकदा विश्वास ठेवला," साल्मेबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "एकेकीचं नव्याने मोजायला दोन दिवस लागतील. सामना आज आहे. मला वाईट वाटतं." मग त्यांनी फोन उचलला आणि तेंडोलकर वजावट सगळ्या संघांसाठी तिथल्या तिथे बंद केली. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "कालच कळलं असतं तर बरं झालं असतं."

दुपारपर्यंत क्रीडाग्रामात हलकल्लोळ माजला. अचिएंगला उडीच्या मैदानावरून, बूट चढवत असताना परत नेलं. इंडोनेशियाचे दोन संघ बाद झाले, नेपाळचे कुस्तीगीर बाद झाले. प्रत्येक देशाच्या गोटात कुणी ना कुणी भारताच्या त्या डॉक्टरला शिव्या घालत होतं, आणि ज्यांनी आठवडाभर तिचा हात हातात घेऊन आभार मानले होते तेही त्यात होते. साठेकाकांच्या पेपरातही बातमी येणार होती. आईचा फोन वाजत राहिला आणि शाल्मलीने तो उचलला नाही.

वाघमोडे सर जिन्यात भेटले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एका पोरीसाठी मी निम्मा संघ द्यायला तयार झालो होतो, डॉक्टर," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही सगळाच दिलात."

"बाकीच्या देशांतली मुलं होती, सर."

"होती की. मी कुठं नाही म्हणतो?" ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या पोरींना हे समजावायला मला सांगू नका. ते तुमचं तुम्ही करा."

संध्याकाळी नियमाप्रमाणे अंतिम सामना लावला गेला, कारण पुढे चाल द्यायची तर ती मैदानावरच द्यावी लागते. भारताच्या मुली सभागृहाच्या एका कडेला, जाहिरातींच्या फळ्यांच्या मागे जमिनीवर ओळीने बसल्या होत्या. अंगावर जर्सी तीच. मागच्या खुर्च्यांवर शाल्मली एकटी होती. तिच्या आजूबाजूच्या चार खुर्च्या सोडून लोक बसले होते.

इंग्लंडच्या मुली मॅटवर आल्या. आठ जणी एकाआड एक तोंडं फिरवून चौकोनात बसल्या, जरा अवघडून, हात टेकत टेकत. नववी खांबाशी उभी राहिली. पंचांनी भारताच्या पहिल्या तिघींची नावं पुकारली. कुणी उठलं नाही. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा पुकारली, आणि शिट्टी वाजवली. खांबाशी उभ्या असलेल्या पटेलला काय करावं ते कळेना. ती दोन पावलं पळाली आणि थांबली, कारण पुढे पकडायला कुणीच नव्हतं. खो-खोचं पहिलं जागतिक युवा सुवर्णपदक असं गेलं. टाळ्या पडल्या, पण तुरळक.

ऋजुता येऊन शाल्मलीच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"ताई, माझा गुडघा खरंच गेला असता?"

"सात वेळा जातो, तीन वेळा जात नाही. तू कुठल्या भागात होतीस ते सांगता येत नाही."

"मग आता कधीच कळणार नाही."

"नाही."

"अचिएंगचंही नाही."

"तिचंही नाही. खेळलं असतं तर कळलं असतं, आणि ते कळू नये म्हणूनच मी गेले."

"तुम्हाला बरं वाटणार असेल तर मी जिन्यावरून उडी मारून बघते," ऋजुता म्हणाली. ती चिडवत होती की चिडली होती, शाल्मलीला ठरवता आलं नाही. दोन्ही असावं. मग ऋजुताने विचारलं, "कविताचा मात्र गेलाच नसता ना?"

"कविताचा नसता गेला. तिचा गुडघा दगडासारखा आहे."

"हे सांगितलंत तिला?"

शाल्मलीने सांगितलं नव्हतं. सकाळपासून तिने साल्मेबाईंना सांगितलं होतं, पथकप्रमुखांना सांगितलं होतं, चार देशांच्या डॉक्टरांना सांगितलं होतं. आधी ऋजुताला विचारायचं राहिलं होतं, आता जिला सांगायचं तीच राहून गेली होती.

"सांगा," ऋजुता म्हणाली. "ती समोरच बसलीय."

शाल्मली पायऱ्या उतरून खाली गेली. मुलींनी तिला येताना पाहिलं आणि बोलणं थांबवलं. कविता ओळीच्या टोकाला उकिडवी बसली होती, हात गुडघ्यांभोवती, टाचा जमिनीला टेकलेल्या, पहिल्या दिवशी दालनात बसली होती तशीच. समोर मॅटवर इंग्लंडच्या मुलींना पदकांसाठी रांगेत उभं करत होते. उभ्याने बोलणं बरं दिसेना म्हणून शाल्मलीने भिंतीला हात लावला आणि खाली बसायला गेली. तिचा स्वतःचा गुडघा एवढ्या मोठ्याने कडकडला की ओळीतल्या दोघीतिघींनी वळून पाहिलं.

"कविता," ती म्हणाली, "तुझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. तू खेळली असतीस तर तुला काही झालं नसतं. सगळ्यांत आधी हे तुला सांगायला हवं होतं."

कविताची नजर मॅटवरून हलली नाही.

"ते मला माहीत होतं, मॅडम," ती म्हणाली, आणि शाल्मलीला बसता यावं म्हणून जराशी सरकली.